दुसऱ्या हाताचे एंटर

ज्या गृहस्थाची ही हकिकत आहे, त्याचे वय त्या रविवारी एकावन्न वर्षे आणि सात महिने होते. एका मोठ्या रुग्णालयाच्या संगणक विभागात तो अभियंता होता, आणि विभागात त्याच्या पाठीमागे सगळे त्याला 'शंकासुर' म्हणत. नाव अगदीच अन्यायाचे होते असे म्हणता येणार नाही. घराचे कुलूप लावल्यावर तो ते तीनदा ओढून पाहत असे. चौथ्यांदा ओढले नाही याची रुखरुख त्याला जिना उतरेपर्यंत पुरत असे. कोणी स्वतःहून चहा विचारला, तर याचे आपल्याकडे काय काम असावे, या विचारात तो चहा गार होई.

त्या रविवारी दुपारी दीड वाजता तो तिसऱ्या मजल्यावरील आपल्या खोलीत आला, त्यामागचे कारण साधेच होते. रुग्णालयाच्या डायलिसिस केंद्रात दहा यंत्रे होती. कोणत्या रुग्णाला कोणत्या यंत्रावर घ्यायचे, किती तास ठेवायचे, त्याच्या अंगातून किती पाणी काढायचे, आणि मुख्य म्हणजे कोणाला कोणते औषध चालत नाही, हे सारे एका सर्व्हरवर नोंदलेले असे. हा सर्व्हर रुग्णालयात नव्हता; तो क्लाउडवर होता. या शब्दाने पुष्कळांची समजूत अशी होते की माहिती कोठेतरी अधांतरी तरंगत असते. वस्तुतः ते दूरच्या एखाद्या इमारतीत ठेवलेले, भाड्याने घेतलेले आणि आपण जन्मात न पाहिलेले यंत्र असते, एवढेच. त्या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली होती आणि त्याच आठवड्यात तिची मुदत संपत होती. केंद्राची सकाळची पाळी एकला संपे, संध्याकाळची साडेपाचला सुरू होई. मधल्या साडेचार तासांत जुनी सिस्टीम काढून नवी बसवायची होती.

तो बसतो न बसतो तोच थोरल्या बहिणीचा फोन आला.

"अरे, तू सुट्टीच्या दिवशी ऑफिसात? बायकोनं घराबाहेर काढलं की काय?"

"काम आहे, ताई. तू साडेपाचला येतेस ना?"

"न येऊन सांगते कुणाला? यंत्र बोलावतं, मी जाते. परवा तिथं आणखी एक नवी मुलगी आलीय. माझं नाव विचारलंन्, वजन केलंन् आणि पुढं सगळं त्या पडद्याकडे बघून. माझ्या तोंडाकडे एकदासुद्धा पाहिलं नाही."

"पडद्यावर सगळं बरोबर असतं, ताई."

"असेल बाबा. तो पडदा तुझा आहे, म्हणून मी गप्प बसते."

ताईच्या या थट्टेत काय दडले होते, हे त्याला पक्के ठाऊक होते. दोन वर्षांपूर्वी डायलिसिसच्या वेळी रक्त पातळ ठेवण्याचे नेहमीचे औषध तिला दिले गेले आणि ते तिच्यावर उलटले. नऊ दिवस ती अतिदक्षता विभागात होती. दुसऱ्यांदा असे झाले तर वाचवता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तेव्हापासून तिच्या नावापुढे लाल अक्षरांत इशारा येई. परिचारिका दर दोन महिन्यांनी बदलत. इशारा मात्र बदलत नसे. ताईचा जीव त्या एका लाल ओळीवर होता.

आता विभागातील एका शिरस्त्याविषयी सांगितले पाहिजे. हा सर्व्हर ज्यांनी उभा केला, त्या विभागप्रमुखांना सारे 'थोरले' म्हणत. त्यांचा नियम असा की सर्व्हरवर कोणतीही आज्ञा एका माणसाने द्यायची नाही. शेजारी शेजारी दोन टेबले, दोन कीबोर्ड, आणि दोन्हींवर एकच पडदा उघडलेला. एकाने लिहावे, दुसऱ्याने वाचावे, आणि वाचणाऱ्यानेच एंटर दाबावे. लिहिणाऱ्याने एंटरला बोट लावले, तर थोरले त्याच्याकडे चष्म्यावरून असे पाहत की तो माणूस दिवसभर कानकोंडा होई. "लिहिणारा आपलंच लिहिलेलं वाचत नाही," ते म्हणत, "तो मनातलं वाचतो."

आठ महिन्यांपूर्वी थोरले वारले. त्यांचे सर्व्हरवरील खाते आपल्या नायकाने त्याच आठवड्यात पुसून टाकले. प्रमुखाची जागा रिकामी राहिली आणि तिच्यासाठी दोन नावे पुढे आली. एक त्याचे, दुसरे त्याच्याबरोबर अकरा वर्षे काम करणाऱ्या बाईंचे, ज्यांना तो 'मॅडम' म्हणे आणि ज्या त्याला 'सर' म्हणत. बाई हुशार होत्या, हसऱ्या होत्या, आणि नेमके तेच त्याला खुपत असे. आपली एखादी चूक हाती लागावी म्हणून त्या टपून बसल्या आहेत, असे त्याच्या मनाने घेतले होते. म्हणून त्याने बाईंना अपग्रेडची तारीख पुढच्या रविवारची सांगितली, आणि या रविवारी एकटाच आला. थोरल्यांचा नियम मोडताना त्याला थोडे अवघडल्यासारखे झाले. पण ते थोडेच.

खोलीत कमालीची शांतता होती. खिडकीच्या पट्ट्यांमधून ऊन जमिनीवर आखल्यासारखे पडले होते. शेजारच्या टेबलावरील कीबोर्डवर धूळ बसू नये म्हणून पातळ प्लॅस्टिकचे आच्छादन घातलेले होते. त्याने संपूर्ण सर्व्हरची एक प्रत काढून बाजूला ठेवली, आज्ञा लिहिली, आणि स्वतःच एंटर दाबले.

तासभर सर्व सुरळीत चालले. पडद्यावरून ओळी झरझर वर सरकत होत्या. तीनला दहा मिनिटे असताना त्या थांबल्या. एक प्रश्न आला होता. माहितीच्या साठ्याची सेटिंग ज्या फाइलमध्ये असते, ती मूळ स्वरूपातून बदललेली आढळली आहे. जुनी ठेवायची, की नवी घ्यायची? नवी हवी असल्यास वाय, जुनी हवी असल्यास एन, फरक पाहायचा असल्यास डी.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. फाइल बदललेली? कोणी बदलली? त्याने तर हात लावला नव्हता. म्हणजे उरले कोण? या बाईंचेच हे काम, त्याने ठरवून टाकले, आणि जुन्या फाइलची ब्याद मुळातूनच जावी म्हणून वाय लिहून एंटर दाबले.

काहीही झाले नाही.

त्याने पुन्हा दाबले. मग जोराने दाबले. वायच्या पुढे कर्सर शांतपणे लुकलुकत राहिला. आता असे अपग्रेड मध्येच अडकले, की अनुभवी माणूस प्रथम यंत्र जिवंत आहे की नाही हे पाहतो. त्याने पडद्यावर दुसरी खिडकी उघडली. यंत्र उत्तम चालले होते. जागा भरलेली नव्हती, स्मृती संपलेली नव्हती, दुसरे कोणते काम आडवे आलेले नव्हते. अपग्रेड केवळ उत्तराची वाट पाहत होते, आणि उत्तर तर पडद्यावर लिहिलेले होते.

तो पहिल्या खिडकीकडे वळला, तेव्हा ते लिहिलेले नव्हते. वाय पुसला गेला होता.

त्याने तो पुन्हा लिहिला आणि पापणी न लववता पाहत राहिला. सात-आठ सेकंद गेली. मग कोणीतरी हलक्या बोटाने मागे खोडावे, तसा वाय नाहीसा झाला.

या पडद्याला किती जण जोडलेले आहेत, ते त्याने तपासले. उत्तर आले: दोन.

"अस्सं!" तो मोठ्याने म्हणाला. त्याला राग आला, आणि खरे सांगायचे तर थोडे समाधानही वाटले. इतक्या दिवसांचा संशय एकदाचा हाती लागला होता. त्याने बाईंना फोन लावला.

"मॅडम, कुठे आहात आपण?"

"बसमध्ये, सर. नणंदेकडे निघालेय. का हो?"

"लॅपटॉप?"

"लॅपटॉप? मांडीवर पुतणी झोपलीय माझ्या, चार वर्षांची. तिच्यावर ठेवू का लॅपटॉप?" मागे बसचा घरघराट आणि कोणाचे तरी खोकणे ऐकू येत होते. मग त्यांचा आवाज बदलला. "सर... तुम्ही अपग्रेडला बसलायत ना? आज?"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढचा रविवार सांगितला होता तुम्ही मला. एकट्यानं बसलात? अहो, थोरले असते तर—"

"थोरले नाहीत," तो म्हणाला. "माझ्या पडद्यावर दुसरं कुणीतरी आहे, एवढंच मला कळतं."

"मग बघा ना कोण आहे ते. नाव येतं की तिथं. माझं असलं तर उद्या राजीनामा देते, आणि नसलं तर तुम्ही मला चहा पाजा, तुमच्या पैशानं. जमेल?"

त्याने फोन ठेवला. बसचा आवाज काय, कोणीही काढू शकतो, असे तो स्वतःशी म्हणाला. आणि नाव पाहण्याआधी त्याने बाईंचे खाते बंद करून टाकले. जोडलेले अजूनही दोनच होते. तेव्हा कोठे त्याने नावे पाहिली. पहिले त्याचे स्वतःचे. दुसऱ्या ठिकाणी नाव नव्हते, फक्त क्रमांक होता: एक हजार एक.

या प्रकारचे काम करणारांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. खाते पुसले, की माणसाचे नाव यंत्रातून जाते. त्याचा क्रमांक मात्र त्याने केलेल्या जुन्या गोष्टींवर तसाच राहतो. पण पुसलेल्या खात्याला आत येता येत नाही. आणि एक हजार एक हा क्रमांक थोरल्यांचा होता.

खोलीत ऊन होते. रस्त्यावरून एक टेम्पो मागे घेत असल्याचा टीं-टीं आवाज येत होता. अशा लख्ख दुपारी भिण्यासारखे काय असते? तरी त्याच्या मानेवर घाम आला. सांधे दुखतात म्हणून थोरले बोटांना जो बाम चोळत, त्याचा तिखट, गार वास खोलीत आला होता. आधी आला होता की आताच आला, हे त्याला सांगता येईना.

चोरी, त्याने स्वतःला बजावले. सर्व्हरमध्ये शिरण्याची थोरल्यांची किल्ली कोणाच्या तरी हाती लागली आहे. हा हल्ला आहे. या साऱ्यात तास गेला होता; घड्याळात चारला पाच मिनिटे होती. काढून ठेवलेली प्रत परत बसवायची, तर चार तास लागले असते, आणि साडेपाचला ताई यंत्राला जोडली जाणार होती. उरला एकच उपाय: सर्व्हर जबरदस्तीने बंद करून पुन्हा सुरू करणे. अर्धवट अपग्रेड झालेले यंत्र असे बंद केले, तर ते पुन्हा उठेल याची कोणीही हमी देत नाही. त्याने तरीही ते यंत्र भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या पानावर जाऊन ते बटण शोधले आणि त्यावर बाण नेऊन ठेवला.

तेवढ्यात पहिल्या खिडकीत एक अक्षर उमटले. डी.

ते त्याने लिहिलेले नव्हते. ते तसेच राहिले. त्याच्या पुढे कर्सर लुकलुकत होता. कोणी घाई करत नव्हते.

अकरा वर्षांची सवय माणसाच्या बोटांत राहते. लिहिणारा थांबला होता, म्हणजे आता पाळी वाचणाऱ्याची होती. बटणावरचा बाण त्याने काढला. त्याचा हात एंटरवर गेला... आणि या वेळी एंटर चालले.

दोन्ही फाइलींमधील फरक पडद्यावर उलगडला. नव्या फाइलीत नसलेल्या दोनच ओळी जुन्या फाइलीत होत्या. एकीत लिहिले होते की औषधांच्या इशाऱ्यांचा साठा वेगळ्या डिस्कवर आहे आणि सर्व्हरने तो तेथून उचलावा. दुसरी ओळ माणसांसाठी होती: "ही जागा बदलू नये. बदलल्यास इशारे कोरे दिसतील, चूक दिसणार नाही." खाली सहा वर्षांपूर्वीची तारीख होती, आणि थोरल्यांची आद्याक्षरे.

बाईंनी काही बदलले नव्हते. त्याने नवी फाइल घेतली असती, तर रुग्णांची यादी नेहमीसारखी उघडली असती, वजने दिसली असती, तास दिसले असते. फक्त लाल ओळी आल्या नसत्या. आणि पडद्याकडेच पाहणाऱ्या त्या नव्या मुलीने कोऱ्या जागेचा अर्थ एकच घेतला असता, की ताईला सर्व औषधे चालतात.

त्याने एन लिहिला, आणि हात मांडीवर घेऊन बसला. एंटर त्याचे नव्हते, हे आता त्याला समजले होते.

शेजारच्या टेबलावर, प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली, एक कळ दबल्याचा आवाज झाला. आच्छादन किंचित चुरगळले आणि पुन्हा सरळ झाले.

पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाहू लागल्या.

त्याने शेजारी पाहिले नाही. पुढची पस्तीस मिनिटे तो समोरच पाहत होता. पाचला वीस मिनिटे असताना अपग्रेड पूर्ण झाले. सर्व्हर स्वतःहून बंद होऊन पुन्हा उठला, आणि त्याने आपला पडदा त्याला पुन्हा जोडला. केंद्रातील पडद्यावर यादी दाखवणारी सेवा तेवढी सुरू करायची राहिली होती. त्याने लिहिण्यासाठी हात उचलला, तोच पडद्यावर आज्ञा लिहिली जाऊ लागली. सुरुवातीचे शब्द ओळखीचे होते: सेवा सुरू कर. पण आज्ञा तेथे संपली नाही. ती लिहिलीच जात होती, पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत, कडेच्याही पलीकडे, आणि मग थांबली. कर्सर दिसत नव्हता. बामाचा वास अगदी खांद्याजवळ आला होता.

तेवढ्यात फोन वाजला. केंद्रातील पाळीप्रमुख परिचारिका बोलत होती. "सर, पडदा अजून काळाच आहे. पेशंट यायला लागलेत. तुमच्या ताई येऊन बसल्यासुद्धा. म्हणतात, माझ्या भावाला सांगा, आटप."

"झालंच... आत्ता होतंय, सिस्टर."

ओळ उजवीकडे सरकवून शेवटपर्यंत वाचायला फार तर वीस सेकंद लागली असती. जन्मभर कोणावरही विश्वास न टाकणाऱ्या त्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा विश्वास टाकला. ज्याने ताईला वाचवले, त्याच्यावर शंका कसली घ्यायची? त्याने न वाचता एंटर दाबले.

"आलं, सर!" फोनवर परिचारिका म्हणाली. "उघडली यादी."

"ताईंच्या नावापुढे बघा. लाल ओळ आहे?"

"आहे ना. ठळक आहे."

त्याचा जीव भांड्यात पडला. त्याने डोळे मिटले आणि उघडले. बामाचा वास नव्हता. जोडलेल्यांची संख्या एक झाली होती.

"फक्त एक सांगायचं होतं, सर," परिचारिका म्हणाली. "यादीत अकरा नंबरच्या यंत्रावर एक पेशंट दाखवतोय. आपल्याकडे यंत्रं तर दहाच आहेत."

"नाव काय आहे?"

"नाव नाहीये. वय नाही, वजन नाही. तारीख आहे, पण ती पुढच्या वर्षाची. आणि लाल ओळ आहे."

"काय... काय लिहिलंय त्यात?"

"विचित्रच आहे. औषधाचं नाव नाही. 'एकट्याने उठू देऊ नये', एवढंच लिहिलंय."

सोमवारी त्याने बाईंना सारे सांगितले. खाते बंद केल्याचेही. बाईंनी खुर्ची ओढून घेतली. मग म्हणाल्या, "चहा राहिला तुमच्याकडे. आधी ती नोंद दाखवा."

त्या वेळी लिहिली गेलेली लांब आज्ञा सर्व्हरच्या कोणत्याही नोंदीत सापडली नाही. अकरावी ओळ मात्र यादीत होती. त्याने ती पुसण्याची आज्ञा लिहिली आणि हात मागे घेतला. बाईंनी ती वाचली, एंटरवर बोट नेले, आणि तसेच धरून ठेवले.

"नाही, सर," त्या शेवटी म्हणाल्या. "इशारा कुणासाठी आहे हे माहीत नसताना तो पुसायचा कसा? मी नाही दाबणार."

त्या महिन्यात प्रमुखपदासाठी दिलेले आपले नाव त्याने परत घेतले आणि बाई विभागप्रमुख झाल्या. दोन हातांचा नियम पुन्हा सुरू झाला, आणि आता तो रविवारीही पाळला जातो. ताई आठवड्यातून तीनदा येते. गेल्या महिन्यात रुग्णालयाच्या मंडळाने, ज्याला या प्रकाराची काहीही कल्पना नाही, रुग्णांची वाढती संख्या पाहून केंद्रासाठी आणखी एक यंत्र घेतले. आता तेथे अकरा यंत्रे आहेत, आणि त्या नोंदीवरची तारीख अजून यायची आहे. अकराव्या यंत्रावर अद्याप कोणालाही घेतलेले नाही.